मोहरीएवढी पृथ्वी

चवथीच्या अंकात सूर्यावरच्या डागांविषयी ओझरतं लिहिलं होतं. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यातली चार निवडली आहेत. पाऊस सरलाय, सकाळचं आकाश निवळू लागलंय, त्यामुळे उत्तरं वाचून गप्प बसायचं नाही, दुर्बीण बाहेर काढायची.

प्रश्न : सर, मी अकरावीत आहे. दहावीला चांगले गुण मिळाले म्हणून बाबांनी ७० मिमीची दुर्बीण घेऊन दिली. खोक्यात एक छोटी काळी काच आहे, तिच्या कडेवर 'सन' असं लिहिलंय. ती लावून डाग बघू का? आणि डाग सरकताना दिसतात का? – एक विद्यार्थिनी, सांखळी

आधी ती काळी काच काढ आणि बाबांच्या देखत फोडून टाक. कुणाला देऊ नकोस, आठवण म्हणूनही ठेवू नकोस. ती आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला लागते; पुढच्या भिंगाने सगळं ऊन गोळा करून जिथे ओतलेलं असतं नेमकी तिथे. तशीच एक काच माझ्याकडे होती. कुणी विकली ते सोडून देऊ. तिच्या भरवशावर मी दोन हिवाळे सूर्य पाहिला. एका सकाळी वहीत वेळ लिहायला मान खाली घातली आणि 'टक्' असा आवाज आला. पाहतो तर काचेला आडवी चीर, आणि चिरेतून आलेला पांढरा ठिपका माझ्या सदऱ्याच्या खिशावर. मान वर असती तर आज हे सदर दुसऱ्या कुणीतरी लिहिलं असतं. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, म्हणून भाजतंय हे भाजताना समजत नाही. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, सीडी, परातीतलं हळदीचं पाणी, हे सगळं याच कारणासाठी बाद.

मग राहतात दोन मार्ग. एक, सूर्यनिरीक्षणासाठीच बनवलेली फिल्म, जी लाखातला एक भाग प्रकाश आत सोडते. ती दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर बसवायची, आयपीसवर नव्हे, आणि चिकटपट्टीने अशी आवळायची की वाऱ्याची झुळूक आली तरी हलू नये. दर वेळी आधी ती उन्हात धरून कुठे भोक पडलंय का बघायचं. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो: दुर्बिणीत डोळा घालायचाच नाही, प्रतिमा कागदावर पाडायची. तुझ्या दुर्बिणीचं नाभीय अंतर ७०० मिमी असेल तर आतली सूर्यप्रतिमा साडेसहा मिमीची असते. २० मिमीचं आयपीस लावून अर्ध्या मीटरवर पांढरा कागद धरलास की तीच प्रतिमा १५ सेंमीची होते. आयपीस काचेचंच हवं, प्लॅस्टिकचं वितळतं. फाइंडरवर, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीवर, झाकण घाल. दुर्बीण सूर्याकडे रोखलेली असताना पाणी प्यायलासुद्धा आत जायचं नाही. धाकटा भाऊ असेल तर अजिबातच नाही.

आता १५ सेंमीच का? या मापाला पृथ्वी साधारण दीड मिमीची होते, म्हणजे फोडणीच्या मोहरीएवढी. वहीच्या कोपऱ्यात एक मोहरी चिकटवून ठेव. काढलेला प्रत्येक डाग तिच्याशेजारी बघायचा.

सरकण्याचं म्हणशील तर डाग दुर्बिणीत सरकत नाही, तो वहीत सरकतो. दुर्बिणीत तास न् तास बघितलंस तरी काही कळणार नाही. रोज एकाच सुमारास चित्र काढ. आधी दिशा ठरव: दुर्बीण स्थिर ठेवलीस की प्रतिमा आपोआप वाहत जाते. एखादा डाग ज्या रेषेवरून वाहतो ती पूर्व-पश्चिम रेषा, आणि ज्या बाजूने तो कागदाबाहेर पडतो ती पश्चिम. ही रेषा न काढता केलेली चित्रं पुढे जुळत नाहीत. माझ्या पहिल्या वर्षाच्या सगळ्या चित्रांची अशी रद्दी झाली आहे.

आठवडाभराची चित्रं झाली की पट्टी घेऊन बस. पूर्व कडेवर डाग उगवतो त्या दिवशी तो जेमतेम दोन मिमी आत येतो. मध्यावर पोचला की मात्र एका दिवसात सतरा मिमी चालतो. पश्चिम कडेला पुन्हा रेंगाळतो, आणि तेरा-चौदा दिवसांत दिसेनासा होतो. डाग काही वेग बदलत नाही. गोल फिरणाऱ्या चेंडूवरचा ठिपका बाजूने पाहिला की असाच दिसतो. कडेला डाग नुसता हळू होत नाही, चपटाही होतो.

हीच चपटी होत जाणारी चित्रं गॅलिलिओने १६१२ च्या उन्हाळ्यात काढली. जर्मनीतला जेझुइट पाद्री शाइनर म्हणत होता की डाग म्हणजे सूर्याभोवती फिरणारे छोटे ग्रह, कारण सूर्याच्या अंगावर डाग कसा असेल? ग्रह असते तर कडेला चपटे झाले नसते, असा गॅलिलिओचा मुद्दा. पुढच्या वर्षी त्याने तो छापला. गंमत म्हणजे या सगळ्यापासून आपला गोवा तसा दूर नव्हता. गॅलिलिओ ज्या अकादमीचा सदस्य होता तिचाच एक सदस्य योहान श्रेक जेझुइट होऊन चीनला निघाला आणि १६१८ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला. पुढच्या वर्षी तो मकावला गेला. जुन्या गोव्याच्या धक्क्यावर गेलो की मला चर्चच्या आधी तो आठवतो.

तुझ्या वहीत आणखी एक गोष्ट सापडेल, पण तिला मार्चपर्यंत धीर धरावा लागेल. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात डागांच्या वाटा सरळ रेषेत जातात. मार्च उजाडेपर्यंत त्याच वाटा कमानीसारख्या वाकतात. सूर्याचा अक्ष सव्वासात अंशांनी कललेला आहे, त्याचा हा पुरावा. आपला कोरडा हंगाम नेमका याच काळात येतो.

प्रश्न : फोटोत डाग सूर्यफुलासारखा दिसतो. मध्ये काळं, भोवती पाकळ्या. ते काळं म्हणजे खड्डा की ढग? आणि पाकळ्या हलतात का? – निवृत्त शिक्षिका, केपे

बाई, तुमच्या चुलीवर उकड्या तांदळाची पेज शिजताना वरून बघितलीत, तर मध्ये वर येणारे बुडबुडे आणि त्यांच्या कडेने खाली जाणारं पाणी दिसतं. सूर्याचा दिसणारा पृष्ठभाग तसाच शिजतो. एकेक बुडबुडा हजारेक किलोमीटरचा, आणि त्याचं आयुष्य दहा मिनिटांच्या आतबाहेर. त्यांना कणिका म्हणतात. हा शब्द ज्याने दिला त्याने कधी पेज पाहिली नसावी.

या उकळीत एखाद्या जागी खालून चुंबकीय क्षेत्राची जाड मोळी वर येते. गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं माप. पृथ्वीचं क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास, तर या मोळीचं दोन-तीन हजार गॉस. तापलेला वायू विद्युतभारित असतो, तो या मोळीत आडवा शिरू शकत नाही. उकळी दबते, खालची उष्णता वर पोचत नाही आणि ती जागा थंड पडते. थंड म्हणजे काय, तर भोवतालच्या साडेपाच हजार अंश सेल्सिअसच्या जागी साडेतीन-चार हजार. जुन्या पिवळ्या बल्बची तार अडीच हजारांच्या घरात असते. म्हणजे हा 'काळा' डाग सूर्यापासून कापून रात्रीच्या आकाशात टांगला, तर त्याच्याकडे बघवणार नाही. काळा दिसतो तो शेजारामुळे. या मधल्या भागाला प्रच्छाया म्हणतात आणि पाकळ्यांच्या झालरीला उपच्छाया. मधे क्षेत्राच्या रेषा उभ्या असतात, झालरीत त्या बाहेर आडव्या झुकत जातात. उकळी तिथेही आहे, पण या झुकलेल्या रेषांमुळे ती ताणून लांब धाग्यांसारखी होते. याच तुमच्या पाकळ्या. २००२ साली ला पाल्मा बेटावरच्या स्वीडिश दुर्बिणीतून बघताना या धाग्यांच्या पोटातही एकेक बारीक काळी रेघ सापडली.

खड्डा की ढग? खड्डा. ग्लासगोच्या अलेक्झांडर विल्सनने १७६९ मध्ये पाहिलं की डाग कडेकडे सरकतो तेव्हा त्याची झालर सूर्याच्या मध्याकडच्या बाजूला आधी अरुंद होते आणि कडेकडच्या बाजूला रुंद राहते. बशी तिरकी धरून बघा, तसंच होतं. डागातला वायू थंड आणि विरळ असल्याने आपली नजर तिथे काहीशे किलोमीटर जास्त खोल जाते. हे मी माझ्या कागदावर मोजक्याच वेळा धडपणे पाहिलंय. डाग मोठा, गोल आणि एकटा असावा लागतो.

आणि हो, पाकळ्यांतून वाहतं. याचा शोध आपल्या देशात लागला, याचं मला अजून अप्रूप आहे. १९०८ मध्ये कॅलिफोर्नियात माउंट विल्सनवर हेल या खगोलशास्त्रज्ञाने डागाच्या वर्णपटातल्या, म्हणजे प्रकाशाचे रंग सुटे केल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यातल्या, रेषा फाटलेल्या पाहून तिथे चुंबकत्व आहे हे दाखवलं. त्याच्या काही चित्रांत डागांभोवती भोवरे दिसत होते. तेव्हा डाग वादळासारखा गरगरत असणार असं अनेकांना वाटलं. १९०९ च्या जानेवारीत तमिळनाडूत कोडाईकनालच्या वेधशाळेत जॉन एव्हरशेड तेच शोधायला बसला. कोकण रेल्वेची गाडी हॉर्न देत करमळीचं स्टेशन सोडून जाते तेव्हा हॉर्नचा स्वर उतरतो ना? प्रकाशाच्या रेषाही तशाच सरकतात, वायू जवळ येत असेल तर निळ्याकडे, लांब जात असेल तर तांबड्याकडे. डाग भोवऱ्यासारखा फिरत असता तर एक ठरावीक नक्षी दिसली असती. एव्हरशेडला दिसली ती वेगळीच. कडेजवळच्या डागात मध्याकडची झालर आपल्याकडे येत होती आणि कडेकडची लांब जात होती. डाग सूर्याच्या मध्यावर आला की सरकणं नाहीसं व्हायचं. त्याचा अर्थ एकच निघतो: वायू झालरीतून बाहेरच्या बाजूला, पृष्ठभागाला धरून आडवा वाहतो, सेकंदाला काही किलोमीटर. दोनच धरले तरी फोंड्याहून पणजी पंधरा सेकंदांत. आज जगभर याला एव्हरशेड परिणाम म्हणतात.

मुलांची सहल घेऊन मी कोडाईला गेलो होतो. मुलांचं सगळं लक्ष तलावातल्या होड्यांत. मी मात्र बोगद्यात शिरलो. तिथे मनोऱ्यावरचे आरसे ऊन पकडून जमिनीखालच्या साठ मीटर लांब बोगद्यात सोडतात, आणि शेवटी सूर्याची प्रतिमा पडते ती चांगली ३४ सेंमीची, परातीएवढी. माझ्या कागदावर ज्याला मी टिंब म्हणून सोडून दिलं असतं, त्या डागाला तिथे झालर होती. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून रोज, ढग नसतील तेव्हा, सूर्याचे फोटो घेतले जातात.

प्रश्न : सूर्यावर डाग वाढले की पाऊस बिघडतो असं ऐकलं. यंदा पोफळीला कोळेरोगाने पिडलं. त्याचं कारण हेच का? – एक बागायतदार, सत्तरी

नाही. डाग अकराएक वर्षांच्या फेऱ्याने वाढतात-घटतात, पण त्या अख्ख्या फेऱ्यात सूर्याच्या एकूण प्रकाशात हजारात एका भागाएवढाच फरक पडतो. शिवाय डाग जास्त असतात तेव्हा सूर्य किंचित जास्त तेजस्वी असतो, कारण डागांसोबत उजळ पट्टेही येतात. कोळेरोग, म्हणजे सुपारीची कूज, आमच्याकडच्या ओलीचा आहे, त्याला सूर्यावर ढकलून बोर्डो मिश्रणाच्या फवारणीत ढिलाई करू नका.

अकरा वर्षांचा फेरा सापडला तो मात्र अशाच चिकाटीच्या माणसाला. जर्मनीतला श्वाब हा औषधविक्रेता. बुधाच्याही आत एखादा ग्रह फिरत असेल तर तो सूर्यासमोरून जाताना पकडू, म्हणून १८२६ पासून रोज डाग टिपत बसला. ग्रह मिळाला नाही. १८४३ मध्ये वह्या चाळताना फेरा मिळाला. सध्याचा फेरा क्रमांक २५, तो २०१९ च्या डिसेंबरात सुरू झाला, आणि सूर्य ऐन भरात आहे असं २०२४ च्या ऑक्टोबरात जाहीर झालं.

प्रश्न : घरच्या दुर्बिणीतून डाग दिसतात, तर मग चार-चार मीटरच्या दुर्बिणी आणि आदित्यसारखे उपग्रह कशाला? आणि गोव्यात पावसाचे चार महिने तुमची वही कोरीच राहते का? – एक अभियंता, वास्को

तुमच्या प्रश्नातला खोचकपणा पोचला. माझी दुर्बीण मोहरीएवढी गोष्ट दाखवते. पाकळी दाखवत नाही. पाकळीची रुंदी शंभर-दोनशे किलोमीटर, तिच्या आतली काळी रेघ त्याहून बारीक. हवाई बेटांतल्या माउई बेटावरच्या इनोये दुर्बिणीचा आरसा चार मीटरचा आहे. तिची पहिली चित्रं २०२० मध्ये आली, आणि ती सूर्यावरचे वीस-तीस किलोमीटरचे तपशील वेगळे करते. मडगाव ते पणजी एवढं अंतर, पंधरा कोटी किलोमीटरवरून. एवढा मोठा आरसा सूर्याकडे रोखला तर यंत्रच वितळायचं, म्हणून तिथे गार ठेवण्याची सोय दुर्बिणीइतकीच अवाढव्य आहे.

पण आरसा मोठा करून सगळं भागत नाही. सूर्य पाहणाऱ्याचा खरा शत्रू हवा. हे मी पुस्तकात वाचलं होतं, कळलं ते गावच्या देवळाच्या तळीवर. सुरुवातीला मी घराच्या गच्चीवर दुर्बीण लावायचो. सिमेंटची गच्ची, शेजारी पत्र्याची शेड. नऊ वाजले की सूर्याची कड उकळू लागायची, आणि लहान डाग दिसायचे न् विरायचे. काही दिवस मी भिंगाला दोष देत राहिलो. एकदा गच्चीची डागडुजी चालू होती म्हणून तिवई उचलून तळीच्या पायऱ्यांवर नेली. पाण्याच्या पलीकडे, पूर्वेला माडांच्या डोक्यावर सूर्य. त्या सकाळी कड सुरीने कापल्यासारखी दिसली. पाणी सिमेंटासारखं लवकर तापत नाही, त्यामुळे त्याच्यावरची हवा शांत असते. काकड आरतीला येणारी मंडळी प्रथम माझ्याकडे संशयाने बघायची. आता कुणीतरी रोज विचारतं, 'आज किती?'

उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर बांधली ती याच कारणासाठी. तिथे आता अर्ध्या मीटरची 'मास्ट' दुर्बीण आहे. मोठ्या दुर्बिणी याच्याही पुढे जातात: नळीतली हवाच काढून टाकतात, किंवा हवेने वाकडी केलेली प्रतिमा सरळ करायला सेकंदात शेकडो वेळा आकार बदलणारे आरसे बसवतात. आणि भारताचं आदित्य-एल १ यान हवेच्या पलीकडेच गेलं. २०२४ च्या ६ जानेवारीला ते पंधरा लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोचलं. त्यावरची पुण्याच्या आयुका या खगोल संस्थेने घडवलेली 'सूट' दुर्बीण अतिनील प्रकाशात सूर्य पाहते. तो प्रकाश जमिनीवर बहुतांशी पोचतच नाही, मग चार मीटरचा आरसा असो की चाळीस. शिवाय तिथे रात्र नाही, आणि तुमचा पावसाळाही नाही.

आता वहीचं. जून ते सप्टेंबर ती तशी कोरी नसते. ढगांत फट पडली की मी धावतो. एरवी नासाच्या एसडीओ या सूर्य पाहणाऱ्या उपग्रहाची रोजची प्रतिमा उतरवून घेतो. ही चित्रं शिसपेन्सिलीने काढतो, म्हणजे माझी कुठली आणि उसनी कुठली ते कळावं. २०२४ चा मे मात्र सगळा स्वतःचा आहे. ७ तारखेला मतदान करून आलो तेव्हा ३६६४ क्रमांकाचा डागांचा गट फुगत होता. अक्षय्य तृतीयेला, १० तारखेला, तो ग्रहणाच्या चष्म्यातून नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. माझ्या कागदावर दोन सेंमी भरला. एका ओळीत पंधरा मोहऱ्या. त्याच रात्री त्याने फेकलेल्या वादळांमुळे लडाखात हान्लेचं आकाश लाल झालं. आमच्याकडे नेहमीचा उकाडा. १४ तारखेच्या सुमारास तो पश्चिम कडेआड गेला आणि मे संपताना पूर्वेकडून पुन्हा उगवला, या खेपेला नवा क्रमांक घेऊन, ३६९७.

दोन खेपांची चित्रं शेजारी ठेवली तर गटाची ठेवण बदललेली, पण त्याची वाट दक्षिण गोलार्धात जवळजवळ तीच. याच पद्धतीने कॅरिंग्टन या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १८५३ ते १८६१ या काळात दाखवलं की सूर्य एका तुकड्याचा फिरत नाही. विषुववृत्ताजवळचा भाग पंचवीसेक दिवसांत फेरी पुरी करतो, वरखालचे भाग मागे पडतात. दहा अंशांवरचा एक डाग आणि तीस अंशांवरचा एक डाग शेजारी धरा, आठवड्यात चारेक अंशांचं अंतर पडतं. माझ्या मापाला पाच मिमी. हे मोजायला चार मीटरचा आरसा लागत नाही, अभियंतेसाहेब. शाळेतली पट्टी चालते, फक्त एकही सकाळ चुकवायची नाही, आणि मी तीन चुकवल्या होत्या. भाचीचं लग्न होतं.

सांखळीच्या मुली, पहिली पाच चित्रं झाली की त्यांचे फोटो सदराच्या पत्त्यावर पाठव. तारीख, वेळ आणि पूर्व-पश्चिम रेषा नसेल तर परत पाठवीन.